जुन्या स्टेशनाखालून नवा बोगदा नेला तर वरची जमीन किती बसते?

मुंबईची मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 मध्ये पार कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि तेव्हापासून टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी पास व्हायची वाट बघत थांबणारी मंडळी बोगदातज्ज्ञ झालीत. प्रश्न ठरलेला, सीएसएमटीसारख्या सव्वाशे वर्षांहून जुन्या स्टेशनाला खालून नवी लाईन आणून जोडली, मग वरचं कसं काय पडलं नाही? आणि उत्तरही ठरलेलं, "खाली पोकळ केल्यावर वरचं बसणारच की ओ, आज ना उद्या." आपल्या बेळगाव स्टेशनाला असं काही होणार का यावर तर चर्चा इतकी रंगते की गेट उघडलं तरी मागच्यानं हॉर्न मारेपर्यंत पत्ता नसतो.

मला ते उत्तर आवडतं, कारण ते अर्धं बरोबर आहे. बसतं. मातीतून बोगदा काढला की वरची जमीन थोडी तरी बसतेच. किती बसते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कशी बसते, सगळा खेळ तिथं आहे.

आधी "पोकळ" या कल्पनेचं बघू. टीबीएम म्हणजे बोगदा खणणारं ते गोल मशीन, मऊ जमिनीत ते पुढं खड्डा करून मागं येत नाही. पुढच्या फिरत्या चकतीमागं एक बंद खोली असते, कापलेली माती त्या खोलीत दाबून भरलेली ठेवतात आणि तिच्यातून स्क्रूनं माती बाहेर काढायचा वेग मशीन पुढं सरकायच्या वेगाशी जुळवतात. स्क्रू जास्त पळवला तर खोलीतला दाब उतरतो आणि समोरची जमीन आत यायला बघते, कमी पळवला तर दाब चढतो आणि वरचा रस्ता फुगू शकतो. पाण्याची पातळी वर असेल तर 20 मीटर खोलीवर नुसत्या पाण्याचाच दाब 2 बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दुप्पट, त्यात मातीचा वेगळा. ऑपरेटर दिवसभर या बारच्या आकड्याकडं डोळे लावून बसलेला असतो. मशीनच्या मागं लगेच काँक्रीटच्या तुकड्यांची रिंग बसवत जातात, पण कापलेलं भोक रिंगपेक्षा 20-30 सेंटिमीटरनं मोठं असतं, त्या फटीत ग्राउट, म्हणजे नंतर घट्ट होणारं पातळ मिश्रण, पंप करतात. दोन द्रव वेगवेगळ्या पाइपमधून येतात, एकात सिमेंट आणि बेंटोनाइट नावाची चिकणमाती, दुसऱ्यात सोडियम सिलिकेट, आणि फटीच्या तोंडाशी एकत्र आले की काही सेकंदात त्यांची जेली होते. म्हणजे पोकळी अशी मोकळी राहतच नाही.

तरी थोडी माती हरवते, पुढून थोडी आत येते, फट भरायच्या आत थोडी खचते. याला व्हॉल्यूम लॉस म्हणतात. चांगलं काम असेल तर बोगद्याच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का किंवा कमी. आता जरा गणित करू, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, पण मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

साडेसहा मीटर व्यासाचा बोगदा, क्षेत्रफळ 33 चौरस मीटर. त्याचा एक टक्का 0.33, म्हणजे बोगदा एक मीटर पुढं सरकला की 330 लिटर माती हरवली. ही हरवलेली माती वर खळगा होऊन दिसते आणि त्या खळग्याचा आकार म्हणजे बारावीच्या गणितातला नॉर्मल कर्व्ह, उलटा. राल्फ पेक या इंजिनियरनं 1969 मध्ये मेक्सिकोतल्या परिषदेत प्रत्यक्ष मोजमापं गोळा करून हे मांडलं आणि आजही पहिला अंदाज यावरूनच काढतात. चिकणमातीत बोगदा 20 मीटर खोल असेल तर कर्व्हची रुंदी ठरवणारा आकडा, त्याला i म्हणू, खोलीच्या साधारण निम्मा, म्हणजे 10 मीटर. मधोमध जास्तीत जास्त किती बसेल? 0.33 भागिले (2.5 गुणिले 10), म्हणजे 13 मिलिमीटर, 2.5 हा या कर्व्हच्या सूत्रातला ठरलेला आकडा. दोन्ही बाजूंना 25-25 मीटर पसरलेला खळगा आणि खोली बोटाच्या जाडीएवढी. पण इमारतीला खोली त्रास देत नाही, उतार देतो. सगळी इमारत एकसारखी 13 मिलिमीटर खाली गेली तर कुणाला कळणारही नाही, एक खांब गेला आणि शेजारचा नाही गेला तर भिंत चिरते. इथं सगळ्यात तीव्र उतार मधे नसतो, बाजूला i इतक्या अंतरावर असतो आणि तो येतो साधारण 1200 ला 1. इमारतींसाठी धोक्याची रेघ बरेच जण 500 ला 1 धरतात, म्हणजे निवांत. आता वरचं जुनं स्टेशनच जमिनीखाली असेल आणि त्याचा तळ 10 मीटरवर असेल तर? तळाच्या पातळीवर खळगा अरुंद आणि खोल होतो, i पावणेसातवर येतो, बसणं 20 मिलिमीटरच्या आसपास आणि उतार जवळजवळ 565 ला 1. बोगदा तोच, माती तीच, पण रेघ एकदम जवळ आली. शिवाय बोगदे दोन असतात, जाणारा आणि येणारा.

म्हणून जुन्या स्टेशनाला खालून जोडायचं काम नेहमीच्या बोगद्यापेक्षा वेगळं पडतं. याचं माझं आवडतं उदाहरण लंडनचं वेस्टमिन्स्टर. तिथलं जुनं स्टेशन 1868 चं, त्याला तिथल्या मेट्रोची ज्युबिली लाईन जोडली ती 1999 मध्ये, आणि शेजारी 96 मीटर उंच बिग बेन. नव्या स्टेशनाचा खड्डा 39 मीटर खोल. त्यांनी मनोऱ्याच्या पायाखाली आधीच आडवे स्टीलचे पाइप घालून ठेवले. पाइपला ठराविक अंतरावर भोकं, प्रत्येक भोकावर बाहेरून रबराची पट्टी, सायकलच्या जुन्या व्हॉल्व्हवर रबरी नळी असते ना, अगदी तसं, आतून दाब दिला की उघडणार, दाब काढला की मिटणार, बाहेरचं आत येणार नाही. पाइपच्या आतून नेमकं एकच भोक निवडून तिथं थोडं ग्राउट ढकलायचं, चिकणमाती फाटते, ग्राउट त्या फटीत शिरतं आणि वरची जमीन मिलिमीटरनं उचलली जाते. आणि भोक परत मिटत असल्यामुळं तेच काम पुन्हा पुन्हा करता येतं. 1996-97 मध्ये मनोरा थोडा झुकला की ग्राउट, परत झुकला की परत ग्राउट, असं करत झुकाव काही सेंटिमीटरच्या आत धरून ठेवला. बसू नये म्हणून अडवत बसण्यापेक्षा बसेल तसं उचलायचं, ही कल्पनाच मला जबरदस्त वाटते. आणि गंमत म्हणजे त्याच कामात जुन्या लाईनचे रूळ वाहतूक चालू ठेवून सुमारे 300 मिलिमीटर खाली घेतले, म्हणजे फूटभर!

हे सगळं मोजमापावर चालतं. भिंतींवर छोटे प्रिझम, म्हणजे आरशासारखे काचेचे तुकडे, लावतात, रोबोटिक टोटल स्टेशन नावाचं मोजणारं यंत्र त्यांच्याकडं फिरून फिरून बघत राहतं, आकडा ठरलेल्या मर्यादेपुढं गेला की काम थांबतं. हल्ली यालाच एआय मॉनिटरिंग म्हणून विकायची टूम आहे, आत असतं तेच, आरसा आणि मोजणारं यंत्र.

आणि जमीन ओळखायला चुकलं की काय होतं ते कोलकात्यात दिसलं. देशातली पहिली मेट्रो 1984 मध्ये एस्प्लनेडहून सुटली, त्याच एस्प्लनेडला नवी ईस्ट-वेस्ट लाईन जोडायची होती. 31 ऑगस्ट 2019 ला सियालदाच्या वाटेवर बऊबझारखाली टीबीएम पाणी धरून ठेवलेल्या वाळूत घुसलं, पाणी आणि माती बोगद्यात आली, वरची जुनी घरं कोसळली, शेकडो लोक बेघर झाले. एस्प्लनेड ते सियालदा हा तुकडा सुरू व्हायला ऑगस्ट 2025 उजाडला. मशीनचं नाव चंडी होतं. नाव ठेवा, नारळ फोडा, त्याला माझी हरकत नाही, कामगारांना धीर येतो, युरोपातले बोगदेवालेही संत बार्बराची मूर्ती बोगद्याच्या तोंडाशी ठेवतात. हरकत आहे ती आपल्याकडं तळहातावर नारळ उभा करून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याला. बोअर मारताना लाख-दीड लाख रुपये त्याच्या शब्दावर घालवणारे सुशिक्षित लोक खानापूर, चिकोडीपर्यंत सगळीकडं आहेत, आणि पाणी लागलं नाही की दोष आपल्या नशिबाला, नारळाला कधीच नाही.

प्रत्यक्ष जोडणी त्यामानानं साधी. नवं स्टेशन आधी स्वतःच्या भिंतींच्या पेटीत उभं राहतं, मग जुन्या स्टेशनापर्यंत चालत जायचा सबवे काढतात आणि शेवटी जुनी भिंत फोडतात, तीसुद्धा आजूबाजूला खांब-तुळयांची चौकट बसवून तिच्यावर भार घेतल्यावरच. वरून रेल्वे जात असेल तर सबवे बॉक्स पुशिंगनं ढकलतात, काँक्रीटची तयार पेटी जॅकनं रुळांखाली सारायची, वरून गाड्या हळू चालू.

आता बेळगाव. लंडनची चिकणमाती आपल्याकडं नाही. आपण दख्खनच्या काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, दक्षिण टोकाला बसलोय, गोकाकला धबधबा ज्या दगडावरून पडतो तो कलादगीचा वालुकाश्म, म्हणजे बेसाल्ट तिथं संपलेला. वर ठिकठिकाणी चिरा म्हणजे जांभा दगड. आख्ख्या काळ्या दगडात वरची जमीन जवळजवळ बसतच नाही, तिथं डोकेदुखी सुरुंगाच्या हादऱ्यांची आणि भेगांतल्या पाण्याची. चिऱ्याचं उलटं, वरून टणक आणि त्याखाली कधीकधी पांढरट-पिवळी माती, ओली झाली की वाहणारी. कोकण रेल्वेचा गोव्यातला पेडण्याचा बोगदा अशाच मऊ जमिनीनं नव्वदच्या दशकात छळला, ऑगस्ट 2020 मध्ये त्याची भिंत ढासळली आणि जुलै 2024 मध्ये आत पाणी आलं, दोन्ही वेळा कोकणच्या गाड्या मिरज-लोंढामार्गे वळवल्या, म्हणजे आपल्याच स्टेशनातून गेल्या.

तेव्हा गेटवरच्या मंडळींना मेट्रोच आणायची असेल तर आधी स्टेशनाच्या आजूबाजूला थोड्या थोड्या अंतरावर बोअर लागतील, आतला दगड सलग नळकांड्यात बाहेर काढून बघायचे. आणि त्या बोअरमध्ये पाण्याची पातळी मोजायची नळी कायमची सोडून मे महिन्यातला आणि ऑगस्टमधला असे दोन्ही आकडे घ्यावे लागतील, कारण बेळगावच्या पावसात ते दोन आकडे एकसारखे येणार नाहीत आणि मशीनचा दाब त्यातल्या वरच्या आकड्याला धरून ठरवायचा असतो.