वायर जोडली तरी पान का निघत नाही: जुन्या संगणक-प्रिंटरांच्या जोडणीची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांच्या आवारात, भुईकाट्यांवर, सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून चालू आहेत. आवाज मोठा, वेग कमी, रिबन फिकी होत जाणारी. तरी ते टिकले, कारण त्यांच्या सुईचा ठोका कार्बनमधून खालच्या प्रतीवर उमटतो. शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या पावतीवर वजन एकाच ठोक्यात छापलं जातं, त्यामुळे दोन प्रतींत फरक असण्याची शंकाच उरत नाही. जीएसटीतही ई-इन्व्हॉइस लागू नसलेल्या विक्रेत्याला मालाच्या बिलाच्या तीन प्रती कराव्या लागतात: एक घेणाऱ्याला, एक वाहतूकदाराला, एक स्वतःकडे. लेझर प्रिंटर तेच पान तीनदा छापू शकतो. पण एकदम उमटलेल्या प्रतींवर लोकांचा विश्वास जास्त बसतो, आणि तो रास्त आहे.

प्रिंटर टिकला, भोवतालचे संगणक मात्र बदलत गेले. नवा लॅपटॉप आला की छपाई थांबते आणि ‘प्रिंटर गेला’ असा निरोप येतो. बहुतेक वेळा प्रिंटर ठणठणीत असतो. गेलेली असते ती दोघांमधली भाषा. पान निघायचं तर तीन गोष्टींवर एकमत लागतं: तार कोणती, तारेवरून निरोप कोणत्या पद्धतीने जायचा, आणि पोचलेल्या निरोपाचं पान कसं करायचं. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कंपन्यांनी, एकमेकींना न विचारता ठरवल्या. आजची बरीचशी डोकेदुखी तिथूनच आली.

तारेपासून सुरुवात करू. सेन्ट्रॉनिक्स कंपनीने १९७० मध्ये आपल्या प्रिंटरसाठी ३६ पिनांची पॅरलल (एका अक्षराचे सगळे बिट एकदम नेणारी) जोडणी आणली. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी काढला तेव्हा संगणकाच्या बाजूला २५ पिना ठेवल्या, आणि मग दोन टोकांना दोन वेगळे कनेक्टर असलेली ती जाड केबल जगभर पुढची पंचवीस-तीस वर्षं चालली. तिची अडचण लांबीची होती. चार-पाच मीटरच्या पुढे अक्षरं गडबडू लागत. त्याआधीची, १९६० ची आरएस-२३२ ही सिरियल (एकामागून एक बिट नेणारी) जोडणी सावकाश, पण जास्त लांब जाणारी. तिच्यात दोन्ही टोकांचा वेग आणि पॅरिटी (चूक पकडणाऱ्या जादा बिटाचा नियम) तंतोतंत जुळवावी लागते. एक आकडा चुकला की कागदावर नुसती चिन्हं उमटतात. ही जोडणी म्हातारी झाली म्हणून कुणी मोडीत काढू नये. भुईकाट्याचा इंडिकेटर वजनाचा आकडा संगणकाला बहुधा याच तारेने देतो, आणि अंबडमधल्या जुन्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशिनांना प्रोग्रॅमही याच तारेने दिला जातो.

संगणक तीन आणि प्रिंटर एक असला, तर पूर्वी टेबलावर मूठ फिरवायचा एक स्विचबॉक्स असे. बँकांच्या शाखांत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला होता. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांचं संगणकीकरण सुरू झालं. जिथे युनिक्स ही अनेकांना एकाच यंत्रावर काम करू देणारी प्रणाली आली, तिथे एक मुख्य यंत्र आणि त्याला जोडलेले डंब टर्मिनल (नुसता पडदा आणि कीबोर्ड) अशी रचना होती. संगणक एकच, त्यामुळे प्रिंटरच्या वाटणीचा वादच नव्हता.

पीसी स्वस्त होत गेले तसा तो वाद सुरू झाला. नोव्हेल कंपनीचं नेटवेअर हे पीसी एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर १९८३ चं. आपल्याकडे सर्व्हर आणि ‘नोड’ हे शब्द सहकारी बँका, पतसंस्था आणि अकाउंटंटच्या कार्यालयांत रुळले ते मुख्यतः त्याच्यामुळे. नेटवेअरमध्ये एक फार सुंदर युक्ती होती. विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीतला हिशेबाचा प्रोग्रॅम छपाई थेट एलपीटी१ या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या प्रिंटर-जोडणीवर, पाठवतो. नेटवर्क म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसतं. नेटवेअरची ‘कॅप्चर’ आज्ञा ही छपाई मधल्यामध्ये अडवून सर्व्हरवरच्या रांगेत टाकत असे. प्रोग्रॅमला वाटे, प्रिंटर आपल्याच पाठीला जोडलेला आहे. विंडोजमध्ये हेच काम ‘नेट यूज’ ही आज्ञा करते. आजही फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-सॉफ्टवेअरमधलं बिलिंग यूएसबी प्रिंटरवर काढायचं असेल तर प्रिंटर शेअर करून एलपीटी१ त्या शेअरकडे वळवतात. इतकी वर्षं उपयोगी पडलेली दुसरी युक्ती या क्षेत्रात मला तरी माहीत नाही.

त्या काळची तार पातळ कोअॅक्स होती: एका तुकड्याची लांबी १८५ मीटर, त्यावर जास्तीत जास्त ३० यंत्रं, दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. कुणी झाडू मारताना एक टी-कनेक्टर सैल केला की सगळं ऑफिस बंद. १९९० मध्ये टेलिफोनसारख्या पिळाच्या तारेवरचं इथरनेट प्रमाणित झालं, प्रत्येक यंत्राची तार हब या मधल्या डबीपर्यंत स्वतंत्र आली आणि एकाच्या बिघाडाने सगळे अडकणं थांबलं.

अॅपलची वाट निराळी होती. १९८५ चा लेझररायटर इतका महाग होता की तो एकट्याने वापरणं परवडणारं नव्हतं, म्हणून कंपनीने सुरुवातीपासूनच तो अॅपलटॉक नेटवर्कवर अनेकांनी वाटून घेण्यासाठी बनवला. वेग सेकंदाला २३०.४ किलोबिट, म्हणजे आजच्या हिशेबाने मुंगीचा. पण सेटिंगची कटकट जवळजवळ नव्हती आणि पान अडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट या पानाचं वर्णन करणाऱ्या भाषेत जायचं. अडचण एवढीच की शेजारच्या पीसीला या कुटुंबात सहज प्रवेश नव्हता.

नाशिकला छपाई नवी नव्हती. नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आणि करन्सी नोट प्रेस १९२८ पासून आहे. पण गल्लीतल्या छापखान्यांतून खिळे गेले, डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी) आलं, तेव्हा मराठीपुरती चौथी अडचण उभी राहिली. प्रत्येक मराठी फॉन्टची आतली मांडणी वेगळी होती. अक्षरांना क्रमांक ठरवून देणारं इस्की नावाचं भारतीय प्रमाण १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून आलं, पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड डॉसवर देवनागरी दाखवू लागलं. तरी बाजारातले डीटीपीचे फॉन्ट आपापल्या मांडणीनेच चालले. त्यामुळे नेटवर्क नीट जोडलेलं, फाइल दुसऱ्या यंत्रावर पोचलेली, तरी पडद्यावर ‘क’च्या जागी भलतंच काही. यावरचा उपाय म्हणजे फाइल न पाठवता तयार पानच पाठवणं: ‘प्रिंट टू फाइल’ करून पोस्टस्क्रिप्ट काढायचं आणि फ्लॉपीवर घालून लेझर प्रिंटर असलेल्या माणसाकडे न्यायचं. विंडोज २००० पासून युनिकोड (जगभर एकच अक्षर-क्रमांक) देवनागरी विंडोजमध्येच आली आणि हा गुंता सुटू लागला. जुन्या फाइलींसाठी मात्र तो आजही कायम आहे.

मायक्रोसॉफ्टने १९९२ च्या विंडोज फॉर वर्कग्रुप्समध्ये आणि नंतर विंडोज ९५ मध्ये प्रिंटर शेअर करणं घरगुती करून टाकलं. त्यामागचा एसएमबी हा प्रोटोकॉल (निरोपांची ठरलेली पद्धत) आयबीएमच्या बॅरी फायगनबॉम यांनी त्याआधीच्या दशकात रचला होता. त्या वर्षांतल्या एकाच कार्यालयात नेटबीईयूआय, आयपीएक्स आणि टीसीपी/आयपी हे तीन नेटवर्क-प्रोटोकॉल एकत्र नांदत, आणि दोन यंत्रांत एकही सामाईक नसेल तर एकाच हबवर असूनही ती एकमेकांना दिसत नसत. युनिक्स आणि विंडोज यांच्यातली भिंत पाडली ती ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी. कॅनबेरात शिकत असताना, १९९१-९२ मध्ये, तारेवरून जाणारे निरोप न्याहाळून त्यांनी हा प्रोटोकॉल उलगडला. त्यातून झालेला सांबा हा प्रोग्रॅम मोफत आणि खुला आहे, आणि लहान गावातल्या कमी पैशाच्या कार्यालयांवर त्याचे फार उपकार आहेत.

या सगळ्या धामधुमीत दोन साध्या पद्धती शांतपणे टिकल्या. एक, बर्कली युनिक्सची एलपीडी ही छपाईची रांग चालवणारी पद्धत. तिचं वर्णन ऑगस्ट १९९० मध्ये आरएफसी ११७९ (इंटरनेटच्या पद्धतींच्या क्रमांकित दस्तऐवजांपैकी एक) म्हणून नोंदलं गेलं. दुसरी, प्रिंटरला नेटवर्क देणाऱ्या एचपीच्या १९९१ पासूनच्या जेटडायरेक्ट कार्डांमुळे रुळलेलं पोर्ट ९१००, म्हणजे प्रिंटरचं नेटवर्कवरचं क्रमांकित दार. या दुसरीत प्रोटोकॉल म्हणावा असं जवळजवळ काही नाही: पोर्ट उघडा, मजकूर ओता, बंद करा. मोठमोठ्या कंपन्यांचे हुशार प्रोटोकॉल गेले आणि या दोन राहिल्या.

पानाच्या भाषेतही तेच घडलं. एप्सनची ईएससी/पी, एचपीची पीसीएल, अडोबीचं पोस्टस्क्रिप्ट समजणारा प्रिंटर कुठल्याही यंत्राला जोडता येतो. डॉट मॅट्रिक्सला तर साधा मजकूर पुरतो. पुढे लेझर स्वस्त करण्यासाठी बऱ्याच मॉडेलांतून ही समज काढून टाकली गेली. पान संगणकाने रचायचं, प्रिंटरने फक्त ठिपके उमटवायचे. असा प्रिंटर ड्रायव्हरविना, म्हणजे संगणकावरच्या त्याच्या खास प्रोग्रॅमविना, मुका. म्हणून १९९० च्या सुमाराचा डॉट मॅट्रिक्स आज जोडणं सोपं आणि पंधरा वर्षांपूर्वीचा स्वस्त लेझर जोडणं अवघड, असं उलटं चित्र दिसतं. जुना प्रिंटर विकत घेणाऱ्याने वय पाहण्याआधी तो कोणती भाषा समजतो ते पाहावं.

अलीकडचे धक्के सुरक्षेतून आले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतलं भगदाड वापरून जगभर संगणक बंद पाडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्या विंडोज १० मध्ये ही आवृत्ती मुळात बसवलेली नसते. निर्णय योग्यच होता, पण विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीवरचे शेअर दिसेनासे झाले आणि अनेक झेरॉक्स-स्कॅनर यंत्रांचं फोल्डरमध्ये स्कॅन टाकणं थांबलं. २०२१ च्या प्रिंटनाइटमेअर या विंडोजच्या छपाई-सेवेतल्या भगदाडानंतर शेअर केलेल्या प्रिंटरांचे नियम कडक झाले आणि सप्टेंबरच्या अपडेटपासून ११बी हा एरर दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडी बसला. पुष्कळ ठिकाणी इंटरनेटवरून घेतलेल्या सूचनेनुसार एसएमबीची ती जुनी आवृत्ती पुन्हा चालू करून काम भागवलं जातं. माझं ठाम मत आहे की शेतकऱ्यांच्या पैशांचे हिशेब असलेल्या नेटवर्कवर हे करू नये.

त्यापेक्षा मधे एक दुभाष्या बसवावा. लिनक्स असलेला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) किंवा अडगळीतला पीसी घेऊन त्यावर कप्स हे छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर चालवायचं. मायकेल स्वीट यांचं हे १९९९ चं काम. अॅपलने २००२ मध्ये ते मॅकमध्ये घेतलं. यूएसबी-पॅरलल केबलने जुना प्रिंटर त्याला जोडायचा. नवे लॅपटॉप आणि फोन त्याच्याशी आयपीपी या आजच्या छपाई-प्रोटोकॉलने बोलतात, जुनी यंत्रं एलपीडीने, आणि एक्सपीचा संगणक इंटरनेटपासून तोडलेल्या वेगळ्या तुकड्यावर ठेवता येतो. पॅरलल पोर्ट असलेला छोटा प्रिंट सर्व्हर (प्रिंटर नेटवर्कला जोडणारी डबी) हाही चालतो, मात्र तो पोर्ट ९१०० किंवा एलपीडी देतो का हे आधी विचारावं.

हे काम लवकर करून ठेवण्याला कारण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की प्रिंटर कंपन्यांच्या ड्रायव्हरांना विंडोज अपडेटमधून मिळणारा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेतला जाईल आणि भर आयपीपीवर राहील. ज्यांचे प्रिंटर अशा ड्रायव्हरवर अवलंबून आहेत त्यांनी ड्रायव्हरची मूळ सीडी किंवा फाइल जपावी, पोर्टचं नाव, वेग-पॅरिटीचे आकडे आणि नेटवर्कमधला पत्ता एका कागदावर लिहून प्रिंटरच्या कपाटात ठेवावा, आणि जुना संगणक भंगारात देण्याआधी दुभाष्यावरून एक तीन प्रतींचं बिल काढून पाहावं.