भूकंपातली माणसं लगेच रडत नाहीत

मध्यंतरी सोलापुरात किल्लारीच्या भूकंपावरची एक एकांकिका बघितली. पोरांनी जीव तोडून काम केलं, पण लाईट लुकलुकली की दुसऱ्या सेकंदाला सगळे किंचाळत पळायला लागले, छाती बडवायला लागले, आणि मला बसल्या जागी वाटलं की असं नव्हतं ओ. कथा-कादंबऱ्यांत, सिनेमात पण हेच, आपत्ती आली की लगेच हंबरडा.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली, विसर्जनाच्या मिरवणुकीनं दमून गाव गाढ झोपलेलं. आमच्या मांडणीवरची भांडी खणाखणा वाजली आणि आई झोपेतच म्हणाली, मांजर आलं वाटतं. मेंदू आधी ओळखीचंच कारण शोधतो, मग माणसं बाहेर येऊन एकमेकांना विचारतात, तुम्हाला पण जाणवलं का? कळणं आणि घाबरणं ह्याच्यामधली ही मिनिटं गोष्टींत जवळजवळ कुठंच सापडत नाहीत.

किल्लारीजवळच्या गावातली आमची एक मावशी माळवदाच्या घराखालून जिवंत निघाली, तिची दोन पोरं नाही निघाली. तिला आमच्याकडे आणलं तर ती दिवसभर चादरींच्या घड्या घालायची, काठाला काठ बरोब्बर जुळवून, उलगडायची, परत घालायची. डोळ्यात टिपूस नाही. बायका म्हणायच्या, दगड झालीय.

एर्विन बेल्झ नावाचा जर्मन डॉक्टर १८९४ मध्ये टोकियोच्या भूकंपात सापडला होता, त्यानं स्वतःवरच हे टिपून ठेवलंय. डोकं एकदम स्वच्छ चालू, पण भीती नाही, दया नाही, घरच्यांची काळजीसुद्धा नाही. त्यानं ह्याला भावनांचा लकवा म्हटलं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन लीच ह्यांच्या अभ्यासात पण हेच दिसतं, संकटाच्या त्या क्षणी बहुतेक लोक सुन्न होतात, पार भान सुटून आरडाओरडा करणारे थोडेच. आणि चेंगराचेंगरी करत पळणारी गर्दी तर आपत्तीत फार कमी वेळा दिसते, अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारंटेली हे आयुष्यभर पुराव्यानिशी सांगत राहिले. उलट शेजारीच शेजाऱ्याला हातानं माती उकरून काढतात.

शरीरात काय होतं तर मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग धोका ओळखतो आणि पळायचं का लढायचं ठरायच्या आधी शरीर थिजतं, तेवढ्या वेळात हृदयाचे ठोके मंदावतात सुद्धा. नंतरचा सुन्नपणा वेगळा, तो दिवस-दिवस, कधी महिनोन्महिने टिकतो. आणि जबर ताणात आठवण बऱ्याचदा सलग साठत नाही, तुकडे राहतात, एखादा आवाज, एखादा वास. म्हणून भूकंपातून वाचलेलं पात्र सगळा प्रसंग ओळीनं सांगतं तेव्हा मला ते खोटं वाटतं. लिहिणाऱ्यानं तुकडेच द्यावेत, मधल्या जागा मोकळ्या सोडाव्यात, वाचणाऱ्याला त्या बरोबर लागतात.

मावशी साडेतीन महिने तशीच होती. जानेवारीत आमच्या सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आली, होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं, पहिला धमाका झाला तशी मांडणीवरची भांडी थरथरली. मावशी हातातली चादर टाकून अंगणात पळाली आणि तिथं पहिल्यांदा रडली, दोन्ही पोरांची नावं घेऊन, आत या नाही, बाहेर या, बाहेर या म्हणत.