डोंगर चढणारी फोर्ड: पहिल्या महायुद्धातली मॉडेल टी अँब्युलन्स

१९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा फ्रेंच सैन्यातले कितीतरी जखमी घोडागाड्यांतून आणि रेल्वेच्या मालडब्यांतून मागे आणले जात. पॅरिसला लागून असलेल्या न्यूइलीत तिथल्या अमेरिकनांनी लष्करी रुग्णालय उघडलं आणि त्याच्या दिमतीला मोटारींचा ताफा आला. त्यातूनच ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ निघाली. ती उभी करणारे ए. पायट अँड्र्यू हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकवत असत, पुढे अमेरिकेच्या अर्थखात्यात मोठ्या पदावर होते. अमेरिका तेव्हा तटस्थ होती, म्हणून फ्रेंच अधिकारी या स्वयंसेवकांना आघाडीजवळ जाऊ देईनात. अँड्र्यूंनी खटपट करून १९१५ मध्ये पूर्व फ्रान्समधल्या व्होज पर्वतात काम मिळवलं.

इथे ताफ्यातल्या फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी गाडीची खरी परीक्षा झाली. घाट अरुंद, वळणं अवघड, त्यामुळे मोठ्या अवजड गाड्यांचं काही चालेना आणि जखमींना खेचरांवरून उतरवावं लागे. मॉडेल टीचं इंजिन जेमतेम २० अश्वशक्तीचं, पण गाडी हलकी. खड्ड्यात रुतली तर चार-सहा जण उचलून बाहेर काढत. मागे लाकूड-कॅनव्हासची पेटी बसवलेली, तीत तीन स्ट्रेचर किंवा बसू शकणारे चार जखमी मावत.

चालवणं मात्र कसरतीचं. पेट्रोलची टाकी चालकाच्या बुडाखाली आणि पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनानेच टाकीतून खाली इंजिनाकडे वाहत येई. टाकीत इंधन कमी असताना खडी चढण लागली की ते इंजिनापर्यंत पोचत नसे, मग गाडी वळवून रिव्हर्समध्ये घाट चढायचा! मधलं पेडल रिव्हर्सचं. ब्रेक झिजला की उतारावर तेच दाबून वेग आवरत. त्यात रात्री दिवे लावायला मनाई. व्हर्दांच्या लढाईत, १९१६ मध्ये, याच गाड्या तोफांच्या माऱ्यात फेऱ्या घालत होत्या.

गंमत म्हणजे खुद्द हेन्री फोर्ड युद्धाच्या विरोधात होते. डिसेंबर १९१५ मध्ये ते शांतता मागायला जहाज घेऊन युरोपला निघाले, तेव्हा त्यांच्याच गाड्या व्होजमध्ये जखमी वाहत होत्या.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि काही महिन्यांतच ही सेवा अमेरिकन सैन्यात विलीन झाली. दुसऱ्या महायुद्धात तिच्या अँब्युलन्स पुन्हा रस्त्यावर आल्या. ते संपल्यावर संस्थेने शाळकरी मुलांना परदेशी घरांत राहायला पाठवायचं काम हाती घेतलं. एएफएस या नावाने ते आजही, भारतातही, चालू आहे.