‘व्हिमी’चा कागदी संच जोडण्यापूर्वी : राखाडी पुठ्ठ्याच्या चार तुकड्यांविषयी

‘व्हिकर्स व्हिमी’ या दुपंखी, म्हणजे एकावर एक असे दोन पंख असलेल्या, बॉम्बफेकी विमानाचा आमचा मोठा संच नेलेल्या ग्राहकांकडून एकच तक्रार वारंवार येते, ती म्हणजे पंखांमधल्या उभ्या दांड्या आखूड पडतात. दांड्या आम्ही एकेक मोजूनच भरतो, त्यामुळे त्या आखूड नसतात. बहुतेक वेळा घडलेले असते ते असे, की पाकिटाच्या तळाशी असलेले, काहीही न छापलेले राखाडी पुठ्ठ्याचे चार तुकडे पॅकिंग समजून कचऱ्यात गेलेले असतात. ते तुकडे म्हणजे पंख जोडण्याचे साचे आहेत आणि या संचात त्यांच्याइतकी महत्त्वाची दुसरी वस्तू नाही.

मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार २०.७५ मीटर होता. आमची प्रतिकृती १:२५ या प्रमाणात असल्याने तो ८३ सेंटिमीटर भरतो. लांबी ५३ सेंटिमीटरच्या आसपास येते. लहान संच जोडण्याची सवय असलेल्यांना येथेच चकवा बसतो. वीतभर पंख हातात धरून, डोळ्यांनी अंदाज घेत चिकटवता येतो; एवढा लांब पंख मात्र मधोमध टेकवला की त्याची टोके स्वतःच्याच वजनाने खाली झुकतात. त्या झुकलेल्या पंखावर दांड्या उभ्या केल्या, की आतल्या बरोबर बसतात आणि बाहेरच्या वरच्या पंखापर्यंत पोहोचत नाहीत. मग ग्राहक घरातल्या अगरबत्तीच्या काड्या कापून लांब दांड्या तयार करतात, प्रत्येक जागी वेगळ्या मापाची दांडी लागते, आणि शेवटी समोरून पाहिले असता दोन्ही पंख एकमेकांना समांतर राहत नाहीत. व्हिमीची दोन्ही इंजिने वरच्या आणि खालच्या पंखांच्या मधल्या पोकळीत, स्वतःच्या दांड्यांवर बसलेली असल्यामुळे तीही तिरपी होतात. एकदा डिंक वाळला, की हे सुधारण्यासाठी बहुधा वरचा पंख कापून काढण्यावाचून गत्यंतर नसते.

दुपंखी विमानाची रचनाच अशी आहे, की तिचे बळ कोणत्याही एका पंखात नसते. पातळ लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले दोन पंख, त्यांच्यामधल्या दांड्या आणि तिरप्या ताणलेल्या तारा यांची मिळून एक घट्ट चौकट होते. कागदालाही हेच लागू पडते. पूर्ण जोडलेली व्हिमी एका हाताने उचलता येते, पण अर्धवट जोडलेली व्हिमी स्वतःचा आकारही धरून ठेवत नाही. चौकट पूर्ण होईपर्यंत तिला कोणीतरी धरून ठेवावे लागते आणि तेवढ्याचसाठी साचे आहेत.

साचे सपाट फळीवर, खालच्या पंखाच्या आराखड्यावर दाखवलेल्या जागी उभे करावेत. खालच्या खाचेत खालचा पंख बसवावा, दोन्ही इंजिने त्यांच्या दांड्यांसह लावून घ्यावीत आणि मगच वरचा पंख वरच्या खाचेत टेकवावा. दांड्या आतून बाहेरच्या दिशेने, एक डावीकडची तर एक उजवीकडची, अशा क्रमाने लावाव्यात. डिंक टाचणीच्या टोकाने, थेंबभरच द्यावा. सर्व दांड्या लागल्यावर विमान रात्रभर साच्यातच राहू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी साचे पंखांच्या मागच्या कडेकडून हळूच सरकवून काढावेत. वर उचलू नयेत. बाहेरचे दोन साचे आतल्या दोहोंपेक्षा किंचित उंच आहेत, ही कापण्यातील चूक नव्हे. व्हिमीचे पंख टोकांकडे थोडे वर चढत जातात, त्यामुळे साचे कापून सारखे करू नयेत.

पंखांचे थर एकमेकांवर चिकटवताना पांढरा, पाणी असलेला डिंक वापरू नये. कागद ओला झाला की तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो आणि वाळताना पंखाला बाक येतो. असा बाक साचाही काढू शकत नाही. येथे रबराच्या जातीचा डिंक वापरावा. तारांसाठी सुती दोरा घेऊ नये, कारण तो दमट हवेत ओढ धरतो. संचातला लवचिक धागा त्यासाठीच दिला आहे.

साच्यांवर नाव का छापत नाही, असे विचारले जाते. एवढ्या जाड पुठ्ठ्यावर छपाई करायची, तर ती वेगळी करून घ्यावी लागते आणि तो खर्च संचाच्या किमतीवर पडतो, म्हणून आम्ही ती टाळली आहे. यापुढे मात्र त्या तुकड्यांवर हाताने शिक्का मारलेला असेल. तयार प्लॅस्टिकच्या दांड्या देण्याची सूचनाही येते. बांबूची दांडी डिंक चांगला धरते आणि हवी तशी घासता येते, म्हणून आम्ही तीच ठेवणार आहोत.

संचात बॉम्ब का नाहीत, हाही नेहमीचा प्रश्न आहे. हे विमान बॉम्बफेकीसाठी घडवले गेले खरे, पण पहिले महायुद्ध संपेपर्यंत ते लढाईत उतरले असे म्हणता येत नाही. त्याची कीर्ती नंतरची आहे. जून १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन या ब्रिटिश वैमानिकांनी न्यूफाउंडलंडहून आयर्लंडपर्यंत, वाटेत कोठेही न उतरता, अटलांटिक महासागर एका व्हिमीतून ओलांडला. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला लंडनजवळच्या हाउन्स्लो येथून निघालेले रॉस आणि कीथ स्मिथ हे बंधू, दोन यांत्रिकांसह, दुसऱ्या एका व्हिमीतून कराची, दिल्ली, अलाहाबाद आणि कलकत्ता असे थांबे घेत १० डिसेंबरला ऑस्ट्रेलियातील डार्विनला पोहोचले. आपल्या ग्राहकांना हे दुसरे विमान अधिक जवळचे वाटेल असे समजून आम्ही त्याचीच ‘जी-ईएओयू’ ही नोंदणीची अक्षरे छापली आहेत. अल्कॉक-ब्राउन यांच्या विमानाचा छापील कागद ज्यांना हवा असेल, त्यांच्यासाठी तो स्वतंत्रपणे उपलब्ध आहे.

ज्यांचे साचे टाकले गेले आहेत, त्यांना नवे साचे केवळ कुरिअरच्या खर्चात पाठवू. पंखांचे थर चिकटवण्याचा कंटाळा असलेल्यांसाठी आधीच थर देऊन दाबलेले पंखही थोड्या जादा किमतीत मिळतात आणि पावसाळ्यात संच जोडणाऱ्यांनी तेच घ्यावेत, असे आमचे मत आहे. वरचा पंख चिकटवून झाला असल्यास तो कापण्यापूर्वी विमानाचे अगदी समोरून, पंखांच्या पातळीवर कॅमेरा धरून काढलेले एक छायाचित्र आम्हाला पाठवावे. केवळ टोकाकडच्या दांड्या बदलून काम भागेल किंवा नाही, ते त्यावरून सांगता येते.