प्रौढ वयातील मुरूम : सामाजिक व मानसिक परिणाम

वयाच्या पंचविशीनंतरही टिकून राहिलेल्या किंवा त्यानंतर नव्याने उठू लागलेल्या मुरमांना प्रौढ वयातील मुरूम म्हणतात. मराठीतले ‘तारुण्यपीटिका’ हे नाव इथे घात करते. हा त्रास वयात येताना होतो आणि वयाबरोबर जातो, ही समजूत त्या नावातच बसलेली आहे. त्यामुळे पस्तिशीत हनुवटीवर दुखरी गाठ आली की माणूस डॉक्टरकडे जाण्याआधी स्वतःचे काय चुकले ते शोधत बसतो.

तैलग्रंथींचा वाढलेला स्राव, तुंबलेली रोमरंध्रे, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू आणि दाह ही मुरमांची कारणे आहेत. अस्वच्छता त्यांत नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चाळिशीतल्या २६ टक्के स्त्रियांनी आणि १२ टक्के पुरुषांनी आपल्याला मुरूम असल्याचे सांगितले होते. म्हणजे ही विरळा गोष्ट नव्हे. तरीही प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटते, कारण चेहरा झाकता येत नाही आणि विषय काढता येत नाही.

परिणाम सुरू होतात ते बारीकसारीक सवयींतून. बैठकीत डाग असलेला गाल भिंतीकडे राहील अशी खुर्ची निवडणे, फोटोत मागच्या रांगेत सरकणे, उजेड प्रखर असेल तिथे मान खाली घालणे, बोलताना नकळत हात हनुवटीवर नेणे. समोरचा डोळ्यांत पाहत असला तरी तो पुटकुळीच पाहतो आहे असे वाटत राहते. त्यात ‘तोंड नीट धुतेस ना?’ किंवा ‘या वयात कसले मुरूम?’ असे प्रश्न येतात. काळजीपोटी विचारलेले असले तरी ते जिव्हारी लागतात.

या दुःखाचे मोजमाप झालेले आहे. १९९९ मधील एका ब्रिटिश अभ्यासात मुरमांच्या रुग्णांनी सांगितलेला सामाजिक व भावनिक त्रास दमा, अपस्मार, मधुमेह, पाठदुखी आणि संधिवाताच्या रुग्णांइतकाच आढळला. ब्रिटनमधीलच वैद्यकीय नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात, निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात गंभीर नैराश्याचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक दिसला; पुढील वर्षांत तो कमी होत गेला. कमाईवरही याची सावली पडत असावी. ब्रिटनमधील लीड्स शहरातल्या १९८६ च्या पाहणीत मुरूम असलेल्यांत बेरोजगारीचे प्रमाण जास्त होते, अर्थात तेवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे त्वचेवरील तीव्रता आणि मनावरचा भार यांचे गणित जुळतेच असे नाही. दोन-चार मुरमांनीही एखादा घराबाहेर पडणे टाळतो. म्हणून केवळ मुरूम मोजून आजार ‘सौम्य’ ठरवणे अन्यायाचे आहे. १९९४ पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची त्वचारोग प्रश्नावली गेल्या आठवड्यातील लाज, कपड्यांची निवड, काम, जवळचे संबंध यांविषयी विचारते, ती यासाठीच.

तणावाने मुरूम वाढतात आणि मुरमांनी तणाव. काही जण आरशासमोर तासन् तास पुटकुळ्या खुडतात. त्यातून व्रण पडतात, सावळ्या त्वचेवर काळे डाग महिनोन् महिने राहतात. उपचार लांबले तर व्रणांची शक्यता वाढते, हेही लक्षात घ्यावे लागते.

आयसोट्रेटिनॉइन हे तीव्र मुरमांवरचे औषध अमेरिकेत १९८२ साली मान्य झाले. त्याने नैराश्य येते का, हा वाद जुना आहे. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत सर्वसाधारण रुग्णांत धोका वाढल्याचे दिसलेले नाही, उलट त्वचा सुधारल्यावर अनेकांचे मनही सावरते. मात्र मनःस्थितीवर लक्ष ठेवावेच लागते आणि गर्भावस्थेत हे औषध पूर्णपणे वर्ज्य आहे.

त्वचा निवळल्यावरही हात हनुवटीकडे जातच राहतो, असा अनुभव काहींना येतो. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाच्या जोडीला मानसोपचारतज्ज्ञ लागतो. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती टाळाटाळीच्या व खुडण्याच्या सवयी सोडवायला मदत करते.