ब्रेक चिरचिरतो? आधी आवाज कधी येतो ते ऐका

ब्रेक दाबला की चिंऽऽ असा आवाज येतो, आणि बहुतेक जण सरळ नवे पॅड टाकून मोकळे होतात. चार दिवस बरं वाटतं, मग तोच आवाज पुन्हा सुरू. कारण आवाज एकटा पॅड करत नाही. पॅड, चाकासोबत फिरणारी डिस्क आणि पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर, तिघे मिळून थरथरतात. फळ्यावर खडू ताठ धरून ओढला की तो अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो आणि किंचाळतो. डिस्कवर पॅडचंही तेच होतं, सेकंदाला हजारो वेळा. वेग कमी होत जातो तशी ही अडक-सूट सोपी होते, म्हणून गाडी थांबता थांबता आवाज जास्त येतो. आपला कान साधारण 2 ते 5 किलोहर्ट्झला सगळ्यात तिखट असतो आणि ब्रेकची चिरचिर बरेचदा त्याच टप्प्यात येते. म्हणून ती एवढी डोक्यात जाते.

पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकलाच आवाज आला आणि गेला, तर तो डिस्कवर रात्रीत चढलेला गंज. त्याचं काही करायचं नाही. ब्रेक न दाबताही चाकाच्या गतीने बारीक चिरचिर येते आणि पेडलवर पाय ठेवला की बदलते, तर पॅडवरची पोलादी पट्टी डिस्कला टेकली असावी. पॅडचं अस्तर, म्हणजे डिस्कला घासणारा थर, 2-3 मिमी उरलं की ती मुद्दाम ओरडते. ही पट्टी सगळ्याच पॅडना नसते, हे लक्षात ठेवा. आवाज चिरचिर सोडून करकर झाला, म्हणजे लोखंड लोखंडावर घासतंय. तिथेच गाडी थांबवा. आणि शेतरस्त्यावरून आल्यावर सतत खरखर येत असेल, तर डिस्कमागचा पत्रा बघा. आपली काळी माती ओली असताना आत शिरते, वाळली की दगड होते. कधी खराच खडा अडकलेला असतो.

मूळ कारण चाक काढल्याशिवाय कळत नाही. सपाट जागा, दुसऱ्या चाकांना दगड, जॅकखाली फळी, आणि गाडी उचलल्यावर स्टँड. नुसत्या जॅकवर हात आत घालू नका. कॅलिपर काढला की तो होजवर, म्हणजे ब्रेक तेलाच्या रबरी नळीवर, लोंबकळू देऊ नका, तारेने चाकाजवळच्या स्प्रिंगला बांधा. आता आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी धरा. नव्या पॅडचं अस्तर साधारण 10 मिमी असतं, 3 मिमीच्या खाली गेलं की बदला. पण खरी गंमत दोघांच्या फरकात आहे. एक जाड आणि एक संपलेला, किंवा एकच तिरका झिजलेला, म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम झाल्या आहेत. पिन हाताने सहज सरकली पाहिजे. जुनं ग्रीस पुसून ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबरी टोपी फुगते.

नवे पॅड टाकल्यावर लगेच चिरचिर सुरू झाली, तर पहिला संशय शिमवर घ्या. पॅडच्या पाठीवरचा हा पातळ पत्रा थरथर शोषून घेतो. घाईत काम करताना तो जुन्या पॅडसोबत भंगारात जातो, पॅड धरणाऱ्या क्लिपाही जातात, आणि मग दोष पॅडच्या कंपनीवर येतो. शिम बसवा, पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढा, पॅडच्या पाठीला आणि कानांना ग्रीसचं नखभर बोट फिरवा. अस्तराला मात्र एक थेंबही लागता कामा नये. तेल प्यायलेला पॅड फेकायचाच.

लळिंग किंवा कन्नड घाटात, तोरणमाळवरून उतरताना, केळी भरलेली पिकअप ब्रेकवर पाय ठेवूनच खाली आणली की अस्तर तापून वरून गुळगुळीत, चकचकीत होतं. असा पॅड दाबला तरी नीट धरत नाही आणि ओरडतो. 80 ते 120 नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून चकाकी जाईपर्यंत घासा. पुढच्या वेळी ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, नाहीतर आठवड्यात तेच होईल.

ड्रम ब्रेकमधली काळी धूळ हवा मारून उडवू नका, छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

सगळं बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक रिकामा जाईल. मग मोकळ्या रस्त्यावर 50 वरून 20 पर्यंत असा आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, पूर्ण न थांबता, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट सोडून, म्हणजे अस्तराचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. मे महिन्यात हे करायचं झालं तर सकाळी लवकर करा; दुपारच्या 45 अंशांत डिस्क लवकर थंड होत नाही. एवढं करूनही आवाज राहिला आणि पेडलही थरथरत असेल, तर डिस्क वाकडी फिरते का ते डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून मोजून घ्या. लेथवर फेसिंग करायची, म्हणजे डिस्क कातून सपाट करायची झाली, तर आधी डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचा. फेसिंगनंतर त्याच्या खाली जाणार असेल तर नवीच डिस्क घ्यावी लागते, आणि तीही दोन्ही बाजूंना.