छतावरची पांढरी डबी
छताला चिकटलेल्या त्या पांढऱ्या डबीला, म्हणजे धूर ओळखणाऱ्या स्मोक डिटेक्टरला, आग दिसत नाही. तिच्या पोटात असतो तो अंधार. काळ्या कप्प्यात एकीकडे छोटा एलईडी आणि दुसरीकडे प्रकाश टिपणारा सेन्सर, पण दोघे मुद्दाम तिरके बसवलेले. त्यामुळे एलईडी लुकलुकला तरी एरवी सेन्सरला त्याचा पत्ता लागत नाही. धूर आत शिरला की त्याच्या कणांवर प्रकाश विखुरतो, त्यातला थोडा सेन्सरवर पडतो आणि अलार्म वाजतो. कवडशात धुळीचे कण चमकतात ना, तोच हा प्रकार. गादी किंवा वायर धुमसताना निघणारा जाडसर कणांचा धूर असा चटकन सापडतो. वाफ आणि धूळही सापडते, ही मात्र पंचाईत. आत घुसलेला एखादा किडासुद्धा अख्खी इमारत रस्त्यावर आणू शकतो!

भडकलेल्या आगीचा धूर फार बारीक कणांचा. त्यासाठी दुसऱ्या जातीच्या डिटेक्टरमध्ये अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, तेही एका मायक्रोग्रॅमहून कमी. त्यातून निघणाऱ्या अल्फा कणांमुळे दोन पट्ट्यांमधली हवा आयनीभूत होऊन (म्हणजे हवेत विद्युतभारित कण, आयन, तयार होऊन) क्षीण वीजप्रवाह वाहतो. धुराचे कण आयनांना चिकटले की तो घटतो. (घाबरू नका, अल्फा कण साध्या कागदानेही अडतात.) १९३०च्या दशकात स्विस भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होते. ते काही जमेना. शेवटी त्यांनी सिगारेट पेटवली आणि तिच्या धुराने यंत्राचा काटा हलला, असं सांगतात.

धूर नेहमीचाच असेल तिथे उष्णतेचा डिटेक्टर लावतात. तो साधारण ५७ अंश सेल्सिअसला किंवा तापमान झपाट्याने चढू लागलं की जागा होतो.

मला सगळ्यात आवडते ती वायरिंगमधली युक्ती. जुन्या पद्धतीच्या यंत्रणेत सगळे डिटेक्टर जोडणाऱ्या वायरच्या टोकाला एक रेझिस्टर (वीजप्रवाहाला अडसर करणारा छोटा भाग) असतो आणि पॅनेल, म्हणजे यंत्रणेची नियंत्रण पेटी, सतत थोडासा प्रवाह सोडत राहतं. डिटेक्टरला धूर लागून प्रवाह वाढला तर आग. उंदराने वायर कुरतडली तर प्रवाह शून्य, आणि पॅनेलवर लगेच ‘फॉल्ट’, म्हणजे बिघाडाची सूचना. नव्या यंत्रणेत प्रत्येक डिटेक्टरला क्रमांक असतो. पॅनेल एकेकाची हजेरी घेतं, म्हणून कुठल्या मजल्यावरची कुठली खोली तेही कळतं.

उरला आवाज. झोपेत धुराच्या वासाने जाग येईल या भरवशावर राहू नये. सुमारे ३००० हर्ट्‌झची कर्कश शिटीही लहान मुलं आणि कमी ऐकू येणारी माणसं झोपेत चुकवतात. त्यांना जाग येते ती बहुधा ५२० हर्ट्‌झच्या, खालच्या पट्टीतल्या आवाजाने.